लागेल कधीतरी

६ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. मागचा पत्ता वाचून आधी कपाळाला हात लावला. वर्षभरातला हा तुझा पाचवा पत्ता. माझ्या पत्त्यांच्या वहीतलं तुझं पान भरलं म्हणून शेजारच्या पानावर सरकले, तर तिथे प्लंबर. आता तू आणि प्लंबर एकाच पानावर सुखाने नांदताय.

मार्चमध्ये चार दिवस राहायला येतेस म्हणतेस. माझी ना कुठे आहे? पण नेमकं रंगकाम काढलंय घरात. सगळीकडे शिड्या, डबे, वास. तुला वासाने शिंका येतात. तेव्हा आत्ता नकोच, पुढे बघू.

आणि एक विचारू? किती दिवस अशी फिरणार आहेस? पस्तीस वर्षं टेलरच्या दुकानात कात्री चालवलीस आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचाच संसार कापून टाकलास. राहतं घर विकलंस, भांडीकुंडी वाटलीस, आणि एक बॅग घेऊन लोकांची घरं राखत हिंडतेस. ते जातात सहलीला आणि तू त्यांच्या कुंड्यांना पाणी घालतेस. उद्या साधी सुई लागली तर कोणाच्या तोंडाकडे बघशील?

मी चाळीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. नट मागितला की नट, वायसर मागितला की वायसर. रिकाम्या हाताने माझ्या खिडकीवरून कोणी परत गेला नाही. 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली वस्तू कधीतरी लागतेच, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

अक्षर वाकडंतिकडं आलंय ते पेनामुळे. निब गेलीय.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

लांबूनच नमस्कार. जवळ येऊन करावा तर तुझ्या घरात वाकायला जागा नाही.

तीन वर्षांपूर्वी मी येते म्हटलं तेव्हा तुझे नळ फुटले होते. गेल्या वर्षी वाळवी लागली होती. आता रंग. ताई, भिंती दिसल्या तर रंग लावणार ना? की खोक्यांनाच एकेक हात मारून घेतेयस?

नऊ वर्षांपूर्वीची ती मुक्कामाची रात्र तू विसरलीस असशील, माझी कंबर विसरलेली नाही. खिडकीजवळच्या पलंगावर तुझा माल. मी खुर्चीवर, मांडीवर झाकणांचं खोकं. सकाळी उठले तेव्हा गालावर बरणीच्या झाकणाचा गोल उमटला होता. निघताना मी जे बोलले तेही तू विसरलीस, असं मी धरून चालते.

असो. नाही येत मी. खूश?

सध्या एका दंतवैद्याच्या घरी आहे. बेचाळीस कुंड्या आणि दोन पोपट. दोन्ही पोपट 'मोठ्ठा आ करा' एवढंच बोलतात. पहिल्या दिवशी मी खरंच केला.

आणि बातमी म्हणजे मी पोहायला शिकले. एकसष्टाव्या वर्षी! गावच्या तलावावर नवशिक्यांचा वर्ग असतो. वर्गात आम्ही अकरा जण, त्यातले दहा पहिलीतले. मी सगळ्यात उंच आणि सगळ्यात भित्री. एका चिमुरडीने माझा हात धरून सांगितलं, 'आजी, घाबरू नका, पाणी तुम्हाला उचलतं.' आणि उचललं ग! पाठीवर पडून मी दहा मिनिटं नुसतं आभाळ बघत होते. तू विचारशील, त्यातून हाताशी काय आलं? काहीच नाही. कपडे वाळत घातले आणि घरी आले. पण आठवडाभर स्वतःशीच हसतेय.

आता कामाचं. माझी एक वस्तू तुझ्याकडे सांभाळायला ठेवायची आहे. एवढं सगळं वाटलं, पण ही देववत नाही. जुनी आहे, एकच आहे, दुसरी होणे नाही. आडवी ठेवावी लागते. सहा फूट बाय तीन फूट मोकळी जागा हवी, खिडकीजवळ, कोरडी. वर काहीही ठेवायचं नाही. ठेवशील का? तुझ्याइतकं जपणारं दुसरं कोणी मला माहीत नाही.

भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

लबाड कुठली! एवढे दिवस मला साधूपण शिकवत होतीस आणि आता स्वतःच्या वस्तूला जागा मागतेस? हसून हसून पोट दुखलं.

वस्तू कोणती ते तू लिहीत नाहीस, म्हणून मीही विचारत नाही. पण मी काही दूधखुळी नाही. जुनी, आडवी, एकच. आईची लाकडी पेटीच ना? झाकणावर आईने खिळ्याने मासा कोरलेली? लपाछपी खेळताना आपण दोघी तिच्यात मावायचो आणि तू आतून खोकून आपल्याला पकडून द्यायचीस. आई गेल्यावर ती तू नेलीस तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. मनात मात्र बोलले होते, आता लिहायला हरकत नाही.

ठेवीन. पण माल उतरवून घ्यायची माझी पद्धत आहे. वजन किती? स्थिती कशी? काय काळजी घ्यायची? परत कधी नेणार? चारही उत्तरं आल्याशिवाय माझ्या स्टोअरमध्ये कधी काही आलं नाही.

जागेची मात्र पंचाईत आहे. खिडकीजवळच्या पलंगावर सध्या सतरा खोकी आहेत. स्टोअरमध्ये आमच्या तीन चिठ्ठ्या असायच्या. रोजच्या मालाला 'लागते', शिलकीला 'लागेल', आणि ज्याचा भरवसा नाही त्याला 'लागलं तर'. घरात मी सगळ्यालाच 'लागेल' लावलंय, उगीच कोणाचा अपमान नको. तर पलंगावर दोनशे बारा झाकणं (बरण्या नाहीत, पण मिळतील), खुर्च्यांचे नऊ पाय, चौदा छत्र्या, बिनकाट्यांची तीन घड्याळं, आणि एका खोक्यावर नुसतंच 'दोऱ्या, फार आखूड' लिहिलंय. ते मी कधी लिहिलं कोण जाणे.

बघते काय करता येतं ते. पेटीसाठी करीन. तुझ्यासाठी नव्हे.

ताई

१४ मार्च

ताई,

तुझ्या चार प्रश्नांची उत्तरं.

वजन चोपन्न किलो. हवामानाप्रमाणे किलोभर इकडेतिकडे.

स्थिती जुनी, पण वापरातली. सांधे सैल झालेत, हलवलं की कुरकुरतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा कणभर आखूड आहे. वरची चकाकी गेलीय, ती मी मुद्दामच परत करून घेतलेली नाही.

काळजी म्हणशील तर सकाळी जरा हवा लागते. ऊन चालतं. संध्याकाळी कोणीतरी जवळ बसलेलं बरं, एकटी पडली की पोकळ आवाज येतो.

परत कधी नेणार हे नक्की नाही. तू कंटाळलीस तर कळव.

मी तिचं नाव घेत नाही, तू काय ते समज. खोकी मात्र जमिनीवर नको हं उतरवून ठेवूस, येण्याजाण्याची वाट मोकळी हवी. घराबाहेरच काढावी लागतील. खालच्या मजल्यावरच्या सुताराला हाक मार, चांगला माणूस आहे.

पोपटांचं घर संपलं. आता एका दीपगृहाच्या पायथ्याशी आहे, तिकीट फाडायच्या कामावर. एकशे एकोणनव्वद पायऱ्या. पहिल्या दिवशी चार वेळा बसले, आता एकदाच बसते, तेही समुद्र बघायला म्हणून.

तुझं अक्षर अजून वाकडंच. नवी निब मिळत नाही का तिकडे? तुझ्याकडे तर खोकंभर असतील.

भिंगरी

५ एप्रिल

भिंगरे,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण वेळ नव्हता. हे वाक्य मी निवृत्त झाल्यापासून प्रथमच लिहितेय.

सुरुवात खुर्च्यांच्या पायांपासून केली. सुताराला म्हटलं, लागतील का रे तुला? तो म्हणाला, 'काकू, कधीपासून मागायचं मनात होतं, पण तुमच्याकडे मागायचं म्हणजे भीती वाटायची.' मला फार लागलं ते. मी लोकांना वस्तू काढून देणारी बाई म्हणून नावाजलेली होते! हा बदल कधी झाला?

नऊच्या नऊ पाय दिले. रात्री झोप आली नाही. सकाळी उठून खाली गेले, तर त्याने त्यातल्या चार पायांचं स्टूल करून दारात ठेवलेलं. त्यावर बसले आणि उठावंसंच वाटेना.

झाकणं वरच्या गाणंवाल्या बाईंनी नेली. मी म्हटलं, बरण्या नाहीत हो. त्या म्हणाल्या, बरण्या हव्यात कोणाला? आता रोज चार ते पाच त्यांची पिल्लावळ माझी झाकणं बडवते. कान किटतात, पण पाच वाजले आणि थांबलं की चुकल्यासारखं होतं. (तीस झाकणं मी मागे ठेवलीत. तू बोलू नकोस.)

छत्र्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नेल्या. दारापाशी ठेवतात म्हणे, पावसात अडकेल त्याने न्यावी. त्यात ह्यांची काळी छत्री होती. देताना हात सुटत नव्हता. आणि मंगळवारी अवेळी सर आली, मी खिडकीत उभी होते, तर एक मुलगी तीच छत्री धरून हसत रस्त्यावरून पळाली. हे गेल्यापासून दहा वर्षं ती उघडली नव्हती. रडले मी. मग डोळे पुसून चहा केला आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसले.

हो, खिडकी! सांगायचंच राहिलं. खोक्यांच्या मागे खिडकी होती. तिथून बेकरीचं मागचं दार दिसतं आणि लांबवर टेकडी. बेकरीवाला पाव भट्टीत घातला की बाहेर येऊन एकटाच नाचतो. रोज. इतकी वर्षं माझ्या नाकासमोर नाचत होता आणि मी त्याच्यापुढे आखूड दोऱ्या ठेवल्या होत्या.

पलंग रिकामा झालाय. मोजला. सहा बाय सव्वातीन. पाठव तुझी वस्तू.

ताई

१६ एप्रिल

ताई,

पत्र पायऱ्यांवर बसून वाचलं. तीनदा. सहलीच्या पोरांनी विचारलं, आजी रडताय का? म्हटलं, वारा लागतोय.

वस्तू दहा मेला पोचेल. दुपारच्या गाडीने. हमाल नको.

भिंगरी

२४ एप्रिल

तुला काय नावाने हाक मारू कळत नाही, म्हणून मायना नाही.

सुताराची बहीण तुझ्या जुन्या गावात मुलांच्या वाचनालयात काम करते. तिच्याकडून त्याला फोटो आला. फोटोत आईची पेटी. झाकणावर मासा. आत चित्रांची पुस्तकं, आणि एक शेंबडा पोरगा चक्क आत बसून वाचतोय.

म्हणजे पेटी तू केव्हाच देऊन टाकलीस. आईची पेटी, आपल्या दोघींची! मला विचारलंसुद्धा नाहीस. हलकं व्हायची एवढी घाई झाली होती का, की माझा वाटाही वाऱ्यावर सोडलास?

आणि मग दहा मेला येतंय काय? मी इथे पलंग झाडून, धुतलेली चादर घालून बसलेय. सतरा खोकी घालवली मी. तू लिहिलंस म्हणून एकेक चिठ्ठी फाडली. आता त्या पलंगाकडे बघवत नाही. पुन्हा भरायला मला एक दुपार पुरेल, समोरच्या दुकानात रिकामी खोकी फुकट मिळतात.

आडवळणं पुरे झाली. काय येतंय ते सरळ एका वाक्यात लिही. नाहीतर काहीच पाठवू नकोस.

ताई

३० एप्रिल

ताई,

मी येतेय. मला तुझ्याकडे राहायला यायचंय.

दोन वाक्यं झाली. एकात बसवता आलं नाही.

पेटीचं मी चुकले. तुला विचारायला हवं होतं. घर रिकामं करताना अशी धुंदी चढली होती की काय माझं आणि काय आपलं हे पाहिलंच नाही. देऊन टाकण्याचीही हाव सुटते ग माणसाला. तेव्हा मला ती फार शहाणपणाची वाटली होती.

आता उरलेलं सांगते. जानेवारीत तुझ्या सुताराचं मला पत्र आलं. तू घरातल्या बोळात खोक्याला अडखळून पडलीस, वरून आणखी खोकी आली, आणि दीड तास तू त्याखाली होतीस. उजवं मनगट मोडलं. त्याने दार फोडलं तेव्हा तू त्याला म्हणालीस म्हणे, 'ते खोकं नीट उचल, त्यात काचा आहेत.' आणि मला लिहितेस निब गेली! डाव्या हाताने चार महिने पत्रं लिहिलीस आणि एका शब्दाने सांगितलं नाहीस. आयुष्यभर 'लागेल, लागेल' म्हणत होतीस. लागलंच शेवटी.

मी येऊन आवरते म्हटलं असतं तर तू दाराला आतून कडी घातली असतीस. वस्तूला मात्र तू नाही म्हणणार नाहीस, हे मला माहीत होतं. म्हणून मीच वस्तू झाले. वजन वगैरे सगळं खरं आहे. दंतवैद्याच्या काट्यावर केलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी निघताना मी म्हणाले होते, 'तुझ्या घरात झाकणांना जागा आहे, बहिणीला नाही.' तू विसरली नाहीस, मीही नाही. सगळं सामान वाटलं, पण ते वाक्य कोणाला देता आलं नाही. बॅगेत तेच जड आहे. तुला भीती वाटत होती की पुन्हा तसं काही ऐकावं लागेल. मला भीती होती की पुन्हा खुर्ची मिळेल.

मी दुनियाभर दुसऱ्यांच्या पलंगांवर झोपते, ताई. मजेत झोपते, खोटं कशाला सांगू. पण तुझ्या घरी मला झोपायला मिळत नाही, याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

तू नाही म्हणालीस तर मी समजेन. कार्ड टाक.

भिंगरी

६ मे

भिंगरे,

हे अक्षर बघ. ओळखलंस? उजवा हात. हाड नीट बसेना म्हणून प्लास्टर दोनदा घालावं लागलं, परवाच निघालं.

अग बाई, मी चाळीस वर्षं माल उतरवून घेतलाय. चोपन्न किलोची, सांधे कुरकुरणारी, एक पाय आखूड, सकाळी हवा लागणारी आणि संध्याकाळी सोबत मागणारी पेटी मला कोणी अजून दाखवलेली नाही. तुझं मार्चमधलं पत्र अर्धं वाचलं आणि कळलं कोण येतंय ते. पुढचं अर्धं वाचताना इतकी हसले की गाणंवाल्या बाई वरून खाली बघायला आल्या. आणि तुझा सुतार! त्याच्या पोटात काही राहतं का? एका कप चहात सगळं ओकला.

पेटीचंही मला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं. मार्चमध्ये 'पेटीच ना?' म्हणून विचारलं ते तू कबूल करतेस का ते बघायला. राग खरा होता, तेवढीच वर्षं जपून ठेवलेला. म्हटलं, आता काढावा. बघितलंस ना, ठेवलेली वस्तू कधीतरी लागते! पण तो फोटो मात्र नवाच आला. आत बसलेल्या त्या पोराला खोकला झाला असेल का, असं मनात आलं आणि राग काही टिकला नाही.

मग तसं पत्र का लिहिलं? तुझ्याकडून ते एक वाक्य काढायचं होतं म्हणून. तू विनोद करतेस, टोमणे मारतेस, पोपटांचं लिहितेस, समुद्राचं लिहितेस. 'मला यायचंय' असं नऊ वर्षांत एकदाही सरळ म्हणाली नव्हतीस. 'येतेय, जागा आहे का?' असं पोस्टमनसारखं विचारायचीस. मीही खोटंच लिहायचे, नळ काय, वाळवी काय. रंगाचा तर डबासुद्धा नव्हता. तू आत आलीस की नजर फिरवशील आणि मला माझं घर तुझ्या डोळ्यांनी दिसेल, याची लाज वाटायची. बस, एवढंच होतं ते.

आता माल स्वीकारायच्या अटी. मला न विचारता घरातली काडीही बाहेर जाणार नाही. बोळातली खोकी आपण दोघी मिळून उघडू, रोज एक, आणि प्रत्येकाची गोष्ट मी सांगणार, तू ऐकणार. तीस झाकणांबद्दल तोंड उघडायचं नाही. बेकरीवाला नाचत असताना टाळ्या वाजवायच्या नाहीत, बिचारा लाजून थांबेल. आणि मनगट बळावलं की मला पोहायला शिकवायचं. इथल्या तलावावर विचारून आलेय, नवशिक्यांच्या वर्गात दोन जागा आहेत. पुन्हा सगळ्यात उंच आपणच.

परत न्यायची तारीख तू दिलेली नाहीस. ते बरं केलंस. दीपगृहाची हाक आली की जा, मी अडवणार नाही. पण मधल्या वेळात पलंगावर मी काही ठेवणार नाही, हा माझा शब्द.

उशाला एक चिठ्ठी लावलीय. या घरात आजवर सगळ्यावर एकच शब्द लिहिला, तो तुला माहीत आहे. त्या पलंगाला तो लावायला घेतला, लिहिला, आणि फाडला. मग पेन नीट धरून, उजव्या हाताने, सरळ अक्षरात दुसरी लिहिली.

'लागतेस.'

ताई